चौदा आलू गुंडे

शोभा, तुझ्या तेरवीच्या वरणात मीठ कमी होतं. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं, म्हणून आधी तेच लिहिते. तू असतीस तर पानावरून उठून आचाऱ्याला हाक मारली असतीस आणि तो बिचारा मिठाची वाटी घेऊन अख्ख्या पंगतीतून फिरला असता. आम्ही मात्र मुकाट्याने जेवलो. शेजारी बसलेल्या तुझ्या नणंदेने हळूच विचारलंही, "मंगलाबाई, तुमाले अळणी लागून राहिलं का?" मी म्हटलं, "छे हो, मस्त झालंय." बघ, तुला जाऊन दोन आठवडे झाले नाहीत तोच मी पुन्हा खोटं बोलले.

दहाव्याला महादेव घाटावरही गंमतच झाली. पिंड ठेवून सगळे मागे सरकले आणि कावळा काही येईना. तुझे दिलीप भावजी हात जोडून म्हणाले, "पिंकीचं लग्न तुझ्या मनासारखं करतो." कावळा ढिम्म. तुझी नणंद म्हणाली, "दादाले आम्ही एकटं नाही पडू देत, वहिनी." कावळा कठड्यावर बसून खारून नदीचं पाणी पाहत राहिला. मग तुझी पिंकी रडत रडत म्हणाली, "मम्मी, आपके गमलों को मैं रोज़ पानी दूँगी, प्रॉमिस." तरी नाही. मी सगळ्यांच्या मागे उभी होते. तू कशासाठी अडली असशील ते मला एकटीला ठाऊक होतं. मी घसा साफ केला, हात जोडले, तोंड उघडणार तेवढ्यात कावळा आला आणि घास उचलून गेलासुद्धा. मी तशीच आ वासून उभी. तू कधी कुणाला अडवून धरलं नाहीस, मला तर नाहीच नाही. पण दोन मिनिटं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं!

म्हणून आता लिहून काढते आहे. बोलण्यात मी तुला कधी पुरी पडले नाही. लिहिताना तू मध्ये बोलू शकणार नाहीस, एवढाच काय तो फायदा.

मी आपल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागले तेव्हा राज्य नुकतंच वेगळं झालं होतं. रायपूर राजधानी झालं म्हणून सगळ्या शहराच्या अंगात आलं होतं. रस्ते खोदून रुंद करणं चाललं होतं, लाल दिव्यांच्या गाड्या कुठून निघतात आणि कुठे जातात कळत नव्हतं, आणि आपलं साधंसुधं हॉस्पिटलही स्वतःला राजधानीचं म्हणवून घ्यायला लागलं होतं. मी वर्षाच्या करारावरची नर्स, तू पक्क्या नोकरीतली, बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज. पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून तू विचारलंस, "मराठी आहेस न? नागपूरची का?" मी म्हटलं, "वर्ध्याची. सासर इथलं." तू म्हणालीस, "जमते मग. डब्यात तिखट आणत जाजो. इथं सगळ्या फिक्कं खाणाऱ्या भरून राहिल्या." माझी मुलाखत तेवढ्यावर आटोपली.

दुपारी दोनला सकाळची पाळी सुटायची आणि दुसरी लागायची. एका पाळीने दुसरीला पेशंटची माहिती सोपवायची, त्याला आपण ओव्हर देणं म्हणायचो. बाकीच्या वॉर्डांत ते उभ्याउभ्या उरकत. तुझ्या वॉर्डात मात्र दहा मिनिटं बसून, चहा घेत ओव्हर व्हायचं, आणि त्याचा तुझा एक नियम होता. पेशंटचं नंतर, आधी आपापली चूक सांगायची. जिची चूक, तिने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी गेटबाहेरच्या ठेल्यावरून आलू गुंडे आणायचे. नागपूरकडे आलूबोंडा म्हणतात तोच, इथे त्याचा गुंडा झाला. दोन्ही पाळ्या मिळून आणि आयाबाई धरून आपण चौदा जणी. ठेल्यावरच्या भैयाला हा नियम इतका पाठ होता की कुणी 'चौदा' म्हटलं की तो कढईतून मान वर करून विचारायचा, "आज कौन?" आणि घेणारीला आपलं नाव सांगावं लागायचं.

माझ्या पहिल्याच आठवड्यात गुंडे आणायची पाळी तुझ्यावर आली. अकरा नंबरची बाई बाथरूमला गेली होती आणि तिचा नवरा जरा पाठ टेकावी म्हणून तिच्या पलंगावर चादर ओढून पडला होता. तू कुणाशी तरी बोलत बोलत आलीस, चादरीत हात घालून थर्मामीटर लावलंस, ताप लिहून घेतलास, गोळी पुढे केलीस, आणि त्या भल्या माणसाने ती मुकाट्याने गिळली. बाई परत येऊन पाहते तर नवऱ्याच्या कपाळावर ओली पट्टी! वर कहर म्हणजे रक्त तपासल्यावर त्याला खरोखर मलेरिया निघाला. ओव्हरच्या वेळी तू हे इतकं रंगवून सांगितलंस की आयाबाईच्या नाकातून चहा आला. सगळ्या हसून दमल्यावर तू म्हणालीस, "हसा पोट्ट्यांनो, पण ध्यानात ठेवा. पलंगाले पाहायचं नाही, माणसाले विचारायचं. नाव विचारायचं." मी नवीन होते, मान डोलावली.

त्या वर्षात मी तीनदा गुंडे आणले. तिन्ही वेळा भैयाला 'मैं' म्हणताना लाज वाटली आणि तिन्ही वेळा घरी जाताना हलकं वाटलं. जी चूक एकीने बोलून दाखवली ती दुसरीच्या हातून होत नसे, एवढं साधं होतं ते. आठची ड्युटी असताना मी साडेसातलाच वॉर्डात हजर. सासूबाई विचारायच्या, "तिथं काय लग्न लागून राहिलं का व रोज?" मला ते काम आवडत होतं, शोभा. असं मनापासून आवडणं नंतर पुन्हा फारसं वाट्याला आलं नाही.

मग जुन्या मेट्रनबाई रिटायर झाल्या आणि मोठ्या मॅडम आल्या. उशीच्या खोळीचं तोंड दाराच्या उलट्या बाजूला असावं हे आपल्याला नर्सिंगच्या शाळेत शिकवतात. आपणही ते पाळायचो, पण मोठ्या मॅडमनी त्याचं व्रतच घेतलं होतं. रोज सकाळी त्या दारात उभ्या राहून एक डोळा मिटून उशा पाहायच्या. उशीवर डोकं असलेली बाई कण्हते आहे की बरी आहे हे त्यांना दिसायचं नाही, खोळीचं तोंड तेवढं दिसायचं. तू म्हणायचीस, "उशीले बरं वाटून राहिलं, मॅडम. पेशंटचं नंतर सांगतो."

त्यांनी पहिल्याच महिन्यात चहा बंद केला. ओव्हर म्हणजे दारात उभं राहून रजिस्टरवर सही. गुंड्यांच्या नियमाचं त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या इतक्या तापल्या की बस. "अस्पताल है कि ठेला?" आता प्रत्येक चुकीचं लेखी स्पष्टीकरण द्यायचं, ते फायलीत लागायचं, आणि जी दुसरीची चूक येऊन सांगेल तिला हवी ती सुट्टी आधी मिळायची. माणूस म्हणून त्या वाईट नव्हत्या. वरून त्यांच्यावरही दट्ट्या असणार, हे मला आज कळतं. पण चार महिन्यांत आपला वॉर्ड ओळखू येईनासा झाला. शेजारच्या पलंगाची सलाईन संपत आली तरी कुणी हात लावीना, कारण हात लावला की जबाबदारी आपली. एकमेकींना कापूस मिळेना. सोमवारी पोट दुखणाऱ्या वाढल्या. काही विचारलं की सगळ्यांच्या तोंडी एकच, "मालूम नहीं." मी सायकल स्टँडवर घड्याळ पाहत उभी राहायचे आणि आठाला एक मिनिट असताना आत शिरायचे. घरी आल्यावर पोरांवर उगीच ओरडायचे. तू तेवढी होतीस तशीच राहिलीस. अजूनही मोठ्याने आपल्या चुका सांगायचीस, पण हसायला कुणी थांबत नसे.

आता त्या दिवसाचं. ट्रस्टला नव्या सरकारच्या नजरेत भरायचं होतं, त्यामुळे मंत्रीजी नवीन इमारतीचं उद्घाटन करून आपला वॉर्ड पाहणार होते. आदल्या संध्याकाळी मोठ्या मॅडमना वाटलं, एक नंबरचा पलंग दाराशी हवा. पेंटर बोलावून त्यांनी भिंतीवरचे सगळे आकडे दुसऱ्या टोकापासून नव्याने रंगवून घेतले. औषधांच्या वहीत जुनेच नंबर राहिले. पूर्वीचे दिवस असते तर चहाच्या पहिल्या घोटाबरोबर ही बातमी सगळ्यांना कळली असती. आता मात्र ती दोन सह्यांच्या खाली दबली आणि सकाळी माझ्यापर्यंत आलीच नाही. वहीत सात नंबरला उलटी थांबवायचं इंजेक्शन लिहिलं होतं, ज्याने चांगलीच गुंगी येते. मी भिंतीवरचा सात पाहिला आणि देऊन मोकळी झाले. त्या सातवर होती अभनपूरची अम्मा. हाताला प्लास्टर, बाकी ठणठणीत, बोलायला फटाकडी, म्हणून तर मंत्रीजींशी बोलायला मोठ्या मॅडमनी तिला मुद्दाम निवडलेलं. नंबर कुणीही बदलले असोत, नाव विचारायचं असतं. मी विचारलं नाही.

मंत्रीजी आले, फोटोवाले आले. मंत्रीजी अम्मावर वाकून म्हणाले, "अम्मा, कैसी हैं?" अम्मा घोरत होती. मोठ्या मॅडमनी तिला हलवलं, पुन्हा हलवलं. अम्माने एक डोळा उघडला, मंत्रीजींचा हात झटकला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "जा न रे बाबू, मोला सुतन दे!" मंत्र्यालाच 'मला झोपू दे' म्हणून हाकलणारी अम्मा पाहून मंत्रीजीच आधी हसले. आणि जिला ते इंजेक्शन मिळायला हवं होतं, ती पलीकडची बाई नेमकी तेव्हाच ट्रस्टच्या सेक्रेटरींच्या पांढऱ्या बुटांवर ओकली. आज हे लिहितानाही मला हसू येतं आहे. त्या दिवशी मी चादरींच्या कपाटाआड लपून उभी होते. इंजेक्शन साधं होतं म्हणून, दुसरं काही असतं तर? तू अम्माची नाडी धरून बसलीस आणि ती जागी होऊन चहा मागेपर्यंत हलली नाहीस. मग वहीतला सात पाहिलास, भिंतीवरचा सात पाहिलास, आणि माझ्याकडे पाहिलंस.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी आम्हा चौदा जणींना ओळीत उभं केलं आणि प्रत्येकीच्या हातात कोरी चिठ्ठी दिली. "जिस पर शक है, उसका नाम लिखो. कल तक." माझ्या पक्क्या नोकरीचा कागद तेव्हा त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडला होता. ह्यांचा कारखाना बंद झालेला, घर माझ्या एकटीच्या पगारावर. मी चिठ्ठीवर एक नाव लिहिलं आणि खोडलं. कुणाचं ते तुलाही सांगणार नाही.

आणि तिसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला तू दारातून आलीस. हातात तेलकट कागदाची भली मोठी पुडी. इतक्या महिन्यांनी तो वास वॉर्डात शिरला आणि झोपलेल्या पेशंटही उठून बसल्या. तू एकेकीच्या हातात गुंडा ठेवत गेलीस. माझ्या हातात ठेवताना म्हणालीस, "गरम आहे व, फुंकून खा." मग उरलेला, म्हणजे तुझ्या वाटणीचा, घेऊन तू मेट्रनच्या खोलीत गेलीस आणि त्यांच्या टेबलावर ठेवलास. माझ्या कागदाच्या अगदी शेजारी. गुंडे आणण्याचा अर्थ मोठ्या मॅडमना ठाऊक होताच. त्यांना चिठ्ठ्या उघडायची गरज उरली नाही.

तुझं स्पष्टीकरण अजून त्या फायलीत आहे. मी शंभरदा वाचलंय. "मैं चौदा आलू गुंडे लाई थी. गरम थे. मैडम को भी दिया. मैडम ने खाया नहीं." बस्स, एवढंच. पुढे कुणीही विचारलं की तू म्हणायचीस, "मी कुठं म्हटलं म्या केलं म्हणून? मले भूक लागली होती." खोटं एक अक्षर बोलली नाहीस. बोलायचं होतं ते मी, आणि मी गुंडा खाऊन पाणी प्यायले.

तुझी बदली बीरगांवला, कारखान्यांच्या वस्तीतल्या ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात झाली, आणि इन्चार्जचं पद गेलं. जाताना सायकल स्टँडवर मी तुझ्या लुनाचं हँडल धरून रडायला लागले. "मी आत्ता जाऊन सांगते." तू हँडल सोडवून घेतलंस. "चूप. आता सांगशील तर दोघीही बसू घरी. आधी तुही ऑर्डर येऊ दे. मग आणजो गुंडे, सगळ्यांसमोर. तोवर काहून रडून राहिली?" आणि लुना चालू होईना म्हणून मलाच धक्का मारायला लावलास. निरोपाच्या वेळी धापा टाकणारी मी एकटीच असेन.

माझी ऑर्डर चार महिन्यांत आली. मी गुंडे आणले नाहीत. आधी वाटलं, मोठ्या मॅडम आहेत तोवर नको. त्या गेल्या तेव्हा वाटलं, आता कशाला जुनं उकरायचं. तू तीन वर्षांनी बीरगांवहून परत आलीस, चांगली गुटगुटीत होऊन, आणि कारखान्यात बोटं चिरून घेणाऱ्या गड्यांच्या नकला करून आम्हाला हसवलंस. त्यांनाही तू चुका कबूल करायला शिकवलं होतंस म्हणे! मी वाट पाहत होते की तू एकदा तरी टोमणा मारशील. तू मारला नाहीस. माझ्या डब्यातलं लोणचं तेवढं सगळं संपवलंस.

सहा वर्षांपूर्वी मेट्रनची जागा निघाली. नंबर तुझा होता. तुझ्या फायलीत ते बदलीचं पान होतं, माझी फाईल स्वच्छ. माझ्या नावाची ऑर्डर आली आणि वॉर्डात पेढे वाटले ते तू. शोभा, त्या खुर्चीत मी पहिल्या दिवशी जेमतेम कडेवर बसले होते. पण खुर्चीची सवय होते गं. पुढच्या महिन्यात मी रेलून बसले. आणि त्यानंतर मी काय केलं हे तुला सांगायला नको, दोन वर्षांपूर्वी रिटायर होईपर्यंत तू डोळ्यांनी पाहिलंस. स्पष्टीकरणं मागितली, फायली जाड केल्या. उशांची तोंडंसुद्धा मी दारातून पाहायला लागले होते. ज्या बाईच्या हातून एवढी मोठी चूक होऊन ती लपली, तिला दुसऱ्यांच्या चुका फार लवकर दिसतात.

आपलं शेवटचं भांडण ह्यावरूनच झालं. रविवारी मी तुझ्याकडे शंकर नगरला आले होते, रागाने धुमसत. वॉर्डात एका म्हातारीची सलाईन संपून नळीत रक्त चढलं तरी कुणी बदलली नव्हती. मी सहा जणींकडून स्पष्टीकरण घेतलं. सहाही जणींनी शब्दाला शब्द सारखं लिहून दिलं, "मुझे जानकारी नहीं है." ते कागद मी तुझ्यापुढे टाकले. तू चष्मा लावून सहाही वाचलेस आणि हसत सुटलीस, खोकला येईपर्यंत.

"एकी आहे व तुह्या वॉर्डात! वरच्या टिकेश्वरीचं अक्षर चांगलं आहे, बाकीच्यांनी तिचंच पाहून लिहिलं."

"तुला हसू सुचतंय. म्हातारीला काही झालं असतं तर?"

"म्हणूनच इचारून राहिली. तुह्याकडं कोणी चूक सांगाले येते का? एक तरी पोट्टी?"

"नाही येत."

"मग वॉर्डात काय चालू आहे ते तुले कसं समजन, मंगले? त्याईले तुही भीती वाटते. आपल्याले वाटे तशी."

मला ते फार झोंबलं. मी म्हटलं, आता काळ बदलला, कॅमेरे लागलेत, तपासणीवाले येतात, गुंडे खाऊ घालून हॉस्पिटल चालत नाही. तू ऐकून घेतलंस. मग चष्मा काढलास आणि अगदी हळू म्हणालीस, "तू एकदा आण न." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "चहा थंड झाला," आणि उठून निघाले. फाटकापर्यंत तू आलीस. "पुढच्या रविवारी तिखट भाजी आणजो," म्हणालीस. मी मागे वळून पाहिलं नाही. चार दिवसांनी पिंकीचा फोन आला, "मौसी, जल्दी आइए." मी येईपर्यंत तू गेली होतीस. भाजी राहिली, भांडण राहिलं, आणि 'मी केलं' हे दोन शब्द तर एवढ्या वर्षांपासूनच राहिले होते. तुझ्या उशाशी बसले तेव्हा खोळीचं तोंड दाराकडे होतं. मी ते तसंच ठेवलं.

आता आजचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसले आहे. काल तेरवी झाली. आज दुपारी मी गेटबाहेर गेले. ठेल्याचं आता छोटं दुकान झालंय, भैयाचे केस पांढरे झालेत, पण कढईसमोर अजून तोच. मी म्हटलं, "चौदा देना." वॉर्डात आता अठरा जणी आहेत, पण तोंडातून चौदाच निघालं. भैयाचा झारा कढईत थांबला. त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं, आणि विचारलं, "आज कौन, दीदी?"

मी म्हटलं, "मैं."

त्याने पुडी बांधली, वरून दोन हिरव्या मिरच्या जास्त घातल्या.

दोन वाजता मी वॉर्डात गेले आणि सगळ्यांना बसायला सांगितलं. कुणी बसेना. मेट्रन बसा म्हणते म्हणजे काहीतरी भयंकर असणार, असं प्रत्येकीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग मीच जाऊन स्टुलावर बसले, गुंड्यांचे अर्धे अर्धे तुकडे केले आणि सांगायला लागले. अम्मा, सात नंबर, मंत्रीजी, पांढरे बूट. बुटांपाशी आल्यावर पहिली खुसखुस ऐकू आली. 'मोला सुतन दे' म्हटल्यावर तर छत्तीसगढी पोरी तोंडावर हात दाबून डोलायला लागल्या. मग मी पुढचं सांगितलं. ते इंजेक्शन मी दिलं होतं, नाव न विचारता. बदली शोभा दीदीची झाली, आणि ज्या खुर्चीत मी बसते ती तिची आहे. मला वाटलं होतं आता त्यांच्या नजरेतून उतरले. पण कुणी तरी चहाचं विचारलं आणि आयाबाई उठून गेली. तेवढ्यात एकीला कोपऱ्यातल्या बाईची सलाईन संपत आलेली दिसली. पलंग तिचा नव्हता. ती हात पुसून गेली आणि बदलून आली.

मी म्हटलं, "उद्यापासून दोनला चहा. आधी चूक सांगायची, मग पेशंट. फाईल नाही, कागद नाही." सगळ्या आवराआवर करायला लागल्या. मला वाटलं, एका दिवसात कुठे विश्वास बसतो. मी पुडीचा कागद गोळा करून उठले आणि दारापर्यंत गेले, तेव्हा मागून टिकेश्वरीचा आवाज आला. तीच, सुंदर अक्षरवाली, सहांपैकी पहिली. हातात अर्धा गुंडा तसाच, खाल्लेला नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "कल मैं लाऊँगी."

शोभा, उद्या मी घरून उपाशीच निघणार आहे.